नऊ महिने चढले-उतरले : आमच्या रस्त्यावरचा देखणा पादचारी पूल

पूल सुरू झाला दिवाळीच्या तोंडावर, आता श्रावण चालू आहे. आठवड्यातले सहा दिवस शाळेत जाता-येताना मी तो वापरते, आणि सुरुवातीला शनिवारी आईलाही घेऊन जायचे. सांगलीतला नेमका कुठला, ते मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका चौकाचा नाही.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. हा पूल व्हावा म्हणून जो अर्ज गेला, त्यावर माझीही सही आहे. आमच्या शाळेतली पोरं तो चौपदरी रस्ता पळत ओलांडायची आणि शाळा सुटायच्या वेळेला माझ्या पोटात गोळा यायचा. काम सुरू झालं तेव्हा आनंदच झाला. पूल दिसतोही सुंदर. दोन्ही बाजूंनी पांढऱ्या लोखंडी कमानी शिडासारख्या वर गेल्यात, कठड्याला काच आहे, रात्री निळे-जांभळे दिवे लागतात. पहिल्या आठवड्यात घरंच्या घरं फोटो काढायला यायची. पायथ्याशी भडंगाची गाडी लागली. तेव्हा लिफ्ट चालू होती, म्हणून आईलाही वर नेलं. ती कठड्याला धरून खालची रहदारी बघत राहिली आणि म्हणाली, "गावाचं नाव काढलं गं यांनी."

तीच आई आता पुलाकडे बघतसुद्धा नाही.

पायऱ्या 42 आहेत. मी मोजल्यात, रोज मोजल्या जातात. एवढ्या का, तेही समजून घेतलं. खालून ट्रक, कंटेनर जायचे तर शहरात रस्त्याच्या वर साडेपाच मीटर जागा मोकळी सोडावी लागते. वर पुलाच्या तुळईची आणि स्लॅबची जाडी धरा. झाले सव्वासहा मीटर. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी म्हटली की 42 येणारच. म्हणजे पलीकडच्या दवाखान्यात जायला दोन मजले चढायचे, दोन मजले उतरायचे, आणि परत येताना तेच. माझ्या आईचं वय 76, दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी सांगितलंय, जिना टाळा. आणि त्याच डॉक्टरांकडे जायला जिना!

लिफ्ट आहे ना, असं सगळे म्हणतात. आहे. दोन्ही बाजूंना एकेक. उत्तरेची लिफ्ट संक्रांतीनंतर बंद पडली. दारावर चिकटपट्टीनं कागद लावला, 'लिफ्ट बंद आहे'. तो कागद उन्हानं पिवळा पडला, मग पावसानं गळून गेला, लिफ्ट मात्र तशीच. एका बाजूची चालू असून काय उपयोग? माणूस वर जाणार आणि वरच अडकणार. मार्चमध्ये आमचं तसंच झालं. आईला दक्षिणेकडून वर नेलं, पलीकडे जाऊन बघते तर दार अजून बंदच. अर्धा तास ती वर उन्हात, काचेच्या कठड्याला टेकून बसली. परत फिरून खाली आलो. त्या दिवशी दवाखाना बुडाला. तक्रार केली. उत्तर आलं की बांधणाऱ्या ठेकेदाराचं काम संपलंय आणि देखभालीची निविदा निघायची आहे. पूल मंजूर होतानाच लिफ्टची दहा वर्षांची देखभाल का धरली नाही, हे कोणी सांगू शकलं नाही.

लिफ्टऐवजी उतार का नाही केला, असं मीही विचारलं होतं. आता हिशेब कळतो. चाकाची खुर्ची चढवायची तर एकास बारा हे प्रमाण लागतं, म्हणजे एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी. सव्वासहा मीटरला 75 मीटर, मध्ये विसाव्याच्या जागा वेगळ्या. दोन्ही बाजूंचे मिळून दीडशे मीटर, तेही जेमतेम पंचवीस मीटरचा रस्ता ओलांडायला. एवढी जागा फुटपाथवर नाहीच. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 पासून आहे, त्यामुळे कागदोपत्री लिफ्ट दाखवली की काम भागतं.

पावसाचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण फोटोत तो दिसत नाही. पायऱ्यांना चकचकीत काळा ग्रॅनाइट लावलाय. पॉलिश केलेला, तोंड बघून घ्यावं असा. वर छप्पर आहे, पण ते कमानींच्या आकारात कापलेलं, आणि आपल्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्यापुढे एक भाजीवाल्या मावशी उतरत होत्या. डोक्यावर पाटी, पायात झिजलेली रबरी चप्पल. वरून तिसऱ्या पायरीवर त्यांची टाच सरकली. पाटी आधी गेली, मग त्या. मेथीच्या जुड्या घरंगळत पार खाली फुटपाथपर्यंत. मावशी चार पायऱ्या बसत-बसत घसरल्या आणि कठड्याचा पाइप हाताला लागला म्हणून थांबल्या. कोपर सोलवटलं होतं. मी उठवायला गेले तर म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ दे बाई, आधी मेथी उचल, तुडवतील." आम्ही दोघींनी आणि कॉलेजच्या एका पोरानं जुड्या गोळा केल्या. तेव्हापासून मावशी खालूनच जातात. पाट्याला टाकी लावतात तशी त्या ग्रॅनाइटला लावली असती, किंवा साधी खडबडीत शहाबादी बसवली असती, तर हे घडलं नसतं. आणि पैसेही कमीच लागले असते.

खालून जाणारे बेशिस्त आहेत, असं पुष्कळ जण म्हणतात. मीही म्हणायचे. एका संध्याकाळी पायथ्याच्या टपरीवर चहा घेत बघत बसले. चहा संपेपर्यंत वरून सहा माणसं गेली, त्यातली दोन फोटोसाठी. खालून किती गेली ते मोजता येईना. दुभाजकाची जाळी एका ठिकाणी वाकवून ठेवलीय, तिथून. त्यात वडाप, म्हणजे शेअर जीप, पकडायला धावणारे होते, कडेवर पोर घेतलेल्या बाया होत्या, काठी टेकत जाणारे आजोबा होते. ही सगळी माणसं बेशिस्त कशी असतील? खालून वीस-पंचवीस सेकंदांत पलीकडे जाता येतं. वरून मला तीन मिनिटं लागतात, आईला जमतच नाही. पूल झाल्यावर खालचे झेब्राचे पट्टे पुन्हा रंगवले नाहीत, आता पूल आहे ना म्हणून. त्यामुळे गाड्यांचा वेग वाढला. जो वर चढू शकत नाही, त्याच्यासाठी रस्ता पूर्वीपेक्षा जास्त धोक्याचा झाला. माझी खरी तक्रार ही आहे.

डिसेंबरात भावाकडे अहमदाबादला गेले होते. तिथं साबरमतीवरचा अटल पूल बघितला. 2022 मध्ये झालेला, सुमारे 300 मीटर लांब, पतंगांवरून घेतलेली रंगीत रचना, 74 कोटींचा खर्च. मला आवडला. एल्लिस ब्रिज आणि सरदार ब्रिज यांच्या मधोमध नदीवर उभं राहून संध्याकाळ बघायला मिळते. पण तिथं मोठ्या माणसाला 30 रुपये तिकीट आहे. रोज कामाला जाणारा माणूस तिकीट काढून पूल ओलांडणार नाही. तो बाग म्हणून छान आहे, आणि बाग म्हणूनच त्याचा हिशेब मांडावा.

देखणेपणा पायाखाली आला की काय होतं, याचं उदाहरण व्हेनिसचं. सांतियागो कालात्रावा या नामांकित वास्तुविशारदाचा पूल 2008 साली तिथं उघडला. काचेच्या पायऱ्या. लोक घसरून पडायला लागले. चाकाच्या खुर्चीसाठी मागाहून एक फिरती केबिन बसवली, ती चालेना, शेवटी काढून टाकली. 2019 साली तिथल्या लेखा न्यायालयानं त्यांना 78 हजार युरोचा दंड केला आणि पुढे काचेच्या जागी दगड बसवायचं ठरलं. आपल्या ग्रॅनाइटची आणि लिफ्टची गोष्ट कितीतरी आधी तिकडे घडून गेली होती. कोणीतरी वाचायला हवी होती.

मुंबईत वांद्र्याचा पहिला स्कायवॉकही 2008 चाच. 2019 मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला, मग पाडला. आणि 15 जून 2025 ला पुण्याजवळ इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला, चार माणसं गेली. नव्या कमानींना पैसे मिळतात, जुन्या बोल्टांना मिळत नाहीत.

तरी सुंदर पुलावर खर्च करूच नये, असं मी म्हणणार नाही. मी सांगलीची आहे. आयर्विन पूल बघत मोठी झालेय. कृष्णेवरचा 1929 चा दगडी पूल, कमानीला लागून कमान. पावसाळ्यात सगळं गाव त्याच्याकडे बघतं, पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर धोका, आणि 2019 मध्ये ते 57 फुटांच्याही वर गेलं होतं. सांगलीवाडीची माणसं त्या पुलावरून पायी आणि सायकलवर ये-जा करतात. त्याला चढण नाही. माणूस घरातून निघाला त्याच पातळीवर चालत राहतो आणि नदीपार होतो. नदीला दुसरा इलाज नसतो, तिथं पूलच लागतो, आणि लागतोच आहे तर चांगला बांधावा, कडेला बसायला दगडी बाक द्यावा, सावली द्यावी. कृष्णेवर फक्त चालणाऱ्यांसाठी, पुराच्या रेषेच्या वर, असा एखादा पूल कोणी बांधत असेल तर त्यासाठी मी घरपट्टी आनंदानं जास्त भरेन. रस्त्याचं तसं नाही. रस्ता आपणच केलाय, गाड्या थांबवता येतात. पंचवीस मीटर डांबर ओलांडायला आईनं दोन मजले का चढायचे?

जुलैत आम्ही गल्लीतल्या बायकांनी नवा अर्ज लिहिला. पूल पाडा असं त्यात कुठंही नाही. चार गोष्टी मागितल्यात. दुभाजक वाकवलाय तिथंच रस्त्याच्या पातळीवर रुंद, उंचावलेला झेब्रा आणि बटणाचा सिग्नल. म्हाताऱ्या माणसाला मधे थांबता येईल असा दुभाजकात कट्टा. पायऱ्यांवरचा ग्रॅनाइट खडबडीत करणं. आणि लिफ्टच्या दारावर देखभाल करणाऱ्याचा चालू फोन नंबर. सह्या 61 झाल्यात. बासष्टावी त्या मेथीवाल्या मावशींची. सही येत नाही म्हणून त्यांनी अंगठा दिला, आणि उरलेली शाई पदराला पुसली.

अर्ज सोमवारी देणार आहोत. आई म्हणते मीही येते. ऑफिस रस्त्याच्या पलीकडे आहे, आम्ही खालूनच जाऊ, तिचा हात धरून.