व्होल्वो एफ-12 च्या नावाखाली गेलेले 19,500 रुपये

इटालेरी या कंपनीचे 1/24 स्केलमधील (म्हणजे मूळ गाडीच्या चोविसाव्या भागाएवढे) व्होल्वो एफ-12 ग्लोबट्रॉटर ट्रकचे सुटे भाग जोडून करायचे किट, त्यासोबत जुन्या खोक्यातला ट्रेलर आणि रेझिनच्या चाकांचा संच, अशा एकत्रित मालासाठी मी 14,500 रुपये दिले. कुरियरसाठी 650 रुपये वेगळे दिले आणि त्यानंतर ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून आणखी 4,350 रुपये पाठवले. एकूण 19,500 रुपये गेले आणि हाती एक स्प्रूसुद्धा (सुटे भाग ज्याला जोडलेले येतात तो प्लास्टिकचा सांगाडा) आला नाही. हे सर्वांसमोर मांडताना लाज वाटते, पण मला गंडवणारा माणूस आपल्याच छंदातला जाणकार होता आणि तो अजूनही मोकळा आहे, म्हणून गप्प बसणे मला अधिक लाजिरवाणे वाटते.

‘एवढी महाग वस्तू अनोळखी माणसाकडून घेतलीच कशाला’ असे विचारणाऱ्यांनी आधी आपल्या छंदाची अवस्था पाहावी. स्केल मॉडेल सीमाशुल्काच्या दृष्टीने खेळण्यांच्याच 9503 या शीर्षकाखाली येतात आणि त्यावरील शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के व 2023 मध्ये 70 टक्के झाले. त्या काळात परदेशातून किट मागवणे म्हणजे किटची किंमत एकदा दुकानाला आणि जवळजवळ पुन्हा एकदा सरकारला देणे होते. साहजिकच आपल्यातले बहुतेक जण देशातच कोणाच्या कपाटात न जोडलेले किट पडून आहे का, याचा शोध घेऊ लागले आणि हे व्यवहार आजही ओळखीवर, शब्दावर आणि आगाऊ पैशांवर चालतात. मी स्वतः याच पद्धतीने एएमटी कंपनीचे पीटरबिल्ट 359 आणि इटालेरीचे एक स्कॅनिया अशी ट्रकची दोन किट घेतलेली आहेत आणि दोन्ही वेळा माल सुखरूप पोहोचला. मागितलेली किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती. उलट ती थोडी जास्तच वाटली, म्हणून मी घासाघीस करून 1,000 रुपये कमी करून घेतले आणि त्याबद्दल स्वतःवर खूश होतो.

मला गंडवणाऱ्या विक्रेत्याने आपण बेळगावचे असल्याचे सांगितले. मराठी स्वच्छ होते, बोलणे अदबीचे होते आणि पहिल्या निरोपापासून तो मला ‘दादा’ म्हणत होता. जुन्या किटमधील डिकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रे-अक्षरे) पिवळे पडले असतील का, असे मी विचारले, तेव्हा ते पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवून काही दिवस उन्हात ठेवा म्हणजे उजळतील, हे त्यानेच मला सांगितले. जुन्या व्हिनाइल टायरमधला तेलकट अंश किटच्या स्टायरिन प्लास्टिकच्या भागांना लागला की प्लास्टिक वितळल्यासारखे होते, म्हणून आपण टायर काढून वेगळ्या पिशवीत ठेवले आहेत, हेही त्याने न विचारता सांगितले. कोणत्याही भुरट्या चोराला हे ठाऊक नसते. ज्याला टायर आणि स्टायरिनचे वैर माहीत आहे, त्याच्यावर मी विश्वास ठेवला, यात मला आजही काही गैर वाटत नाही.

आता त्याने पाठवलेल्या छायाचित्राविषयी. मी रीतसर मागणी केली होती की, माझे नाव आणि त्या दिवसाची तारीख कागदावर लिहून तो कागद किटच्या भागांशेजारी ठेवावा आणि छायाचित्र पाठवावे. छायाचित्र आले. हिरव्या कटिंग मॅटवर क्रोमचे स्प्रू मांडलेले होते, डाव्या बाजूने दिव्याचा उजेड येत होता आणि रेडिएटरच्या जाळीपासून आरशांच्या दांड्यांपर्यंत प्रत्येक भागाची बारीक सावली उजवीकडे पडली होती. मध्ये माझ्या नावाची चिठ्ठी होती आणि तिला सावलीच नव्हती. कागदाचा एक कोपरा वर वळलेला दिसत होता, तरीही त्याच्याखाली मॅटचा हिरवा रंग जसाच्या तसा होता. चेसिसच्या खाचांत सावली दिसावी म्हणून मी रात्र रात्र वॉश, म्हणजे पातळ केलेला काळा रंग, सोडत बसतो, तीन मिलिमीटरच्या दरवाजाच्या मुठीखाली सावली कमी पडली तर पुन्हा ब्रश हातात घेतो. त्याच मी ते छायाचित्र मोठे करून पाहिले आणि मोठे केले ते कशासाठी, तर क्रोमवर ओरखडे आहेत का हे तपासण्यासाठी. ओरखडे नव्हते. मी ‘उत्तम स्थिती आहे’ असे उत्तर पाठवले.

नंतर माझ्या एका मित्राने त्याच छायाचित्राच्या कडेला अर्धवट दिसणारे विजेचे सॉकेट दाखवले. ते युरोपात असते तसे, आत खोलगट आणि दोन गोल छिद्रांचे होते. बेळगावात काय, आपल्याकडे कुठल्याच घरात तसे सॉकेट नसते. कोणा युरोपीय छांदिष्टाचे छायाचित्र उचलून त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. म्हणून चिठ्ठीचे छायाचित्र मागू नका, चलचित्र मागा. त्यात समोरच्याने तुम्ही त्या क्षणी सांगाल तो स्प्रू उचलून त्यावरचे अक्षर दाखवले पाहिजे आणि माहितीपत्रकाचे तुम्ही सांगाल ते पान उघडले पाहिजे. जो ‘नेट स्लो आहे’ म्हणेल, त्याला नमस्कार करावा.

यूपीआयवर पैसे पाठवताना पडद्यावर भलतेच नाव आले. ‘मेहुण्याचे खाते आहे, दादा, माझ्या खात्याची मर्यादा संपली,’ असे त्याने सांगितले. आपल्या गल्लीतल्या निम्म्या दुकानांत क्यूआर कोड लावलेला असतो तो मालकाच्या भावाच्या किंवा बायकोच्या नावाचा, त्यामुळे मला त्यात वावगे दिसले नाही. आता मात्र सांगतो की, नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका. मग कुरियरचा क्रमांक आला. तो खरा होता, पार्सलही खरे होते, फक्त ते भलत्याच शहरात भलत्याच माणसाकडे चालले होते. दरम्यान ‘राज्याबाहेर माल जात असल्याने ई-वे बिल अडले आहे, 4,350 रुपये अनामत भरा, डिलिव्हरीच्या वेळी परत मिळतील,’ असा निरोप आला. ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी लागणारा कागद, साधारणपणे 50,000 रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला लागते, हे मला नंतर कळले. ‘परत मिळणारी’ हा शब्द कोणत्याही खासगी व्यवहारात आला की तिथेच थांबा.

पैसे गेल्याचे ध्यानात येताच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 या क्रमांकावर फोन करावा, हे सर्वांना माहीत आहे. तो लगेच करावा, कारण समोरच्याच्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तरच ती रोखता येते. मी फोन केला तोपर्यंत त्या कुरियरच्या क्रमांकाने माझे मौल्यवान दिवस खाल्ले होते. पुढे पोलीस ठाण्यात गेलो, तर टेबलामागच्या हवालदारांनी अर्ज वाचून विचारले, ‘काका, खेळण्यातल्या ट्रकला साडेएकोणीस हजार?’ आणि शेजारचे दोघे हसले. सोन्याची साखळी गेली असती तर कोणी हसले नसते. मी त्यांना स्केल म्हणजे काय हे समजावू लागलो आणि मध्येच थांबलो, कारण चोरी झाली की नाही हे ठरवण्यासाठी वस्तू कोणाला किती आवडते हे पाहायचे नसते.

त्यानंतर ‘आरोपी बेळगावचा आहे, तिकडे जा’ असे सांगण्यात आले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा प्रश्न न काढता नोंदवता येते, हे मी छापील कागद दाखवून सांगितले. तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्यांचा तपास निरीक्षक दर्जाचे अधिकारीच करतात आणि साहेब बंदोबस्ताला गेले आहेत, असे उत्तर मिळाले. साहेब परत आले तेव्हा सणाचा बंदोबस्त संपून सभेचा बंदोबस्त सुरू झाला होता. शेवटी अर्जावर शिक्का मारून पोच दिली. गुन्हा नोंदवला का, असे विचारले तर ‘पोच मिळाली ना?’ असा प्रतिप्रश्न आला. पोच म्हणजे एफआयआर नव्हे, हे लक्षात ठेवा आणि प्रत हातात पडेपर्यंत खुर्ची सोडू नका.

बँकेने तर हातच झटकले. ग्राहकाने स्वतः पिन टाकून केलेला व्यवहार ‘अनधिकृत’ ठरत नाही, त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकातील संरक्षण मला लागू होत नाही, असे त्यांनी दोन ओळींत कळवले. ते नियमाला धरून असेलही. परंतु ज्या खात्यात पैसे गेले ते खाते कोणत्या कागदपत्रांवर उघडले, याची चौकशी कोण करणार, या माझ्या प्रश्नाला त्या दुसऱ्या बँकेने ‘आपण आमचे ग्राहक नाही’ असे उत्तर दिले. पैसे घेणारा त्यांचा ग्राहक आहे, म्हणून त्याची गोपनीयता जपायची. पैसे गमावणारा ग्राहक नाही, म्हणून त्याच्याशी बोलायचे नाही. मी दोन्ही बँकांकडे लेखी तक्रार दिली आहे आणि 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे. तुम्हीही तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा आणि संतापाच्या भरात संभाषण पुसून टाकू नका.

तीच हिरवी मॅट आणि तेच क्रोमचे स्प्रू असलेले छायाचित्र अलीकडे पुन्हा विक्रीसाठी आले आहे. या वेळी विक्रेत्याचे नाव वेगळे आहे, गाव कोल्हापूर सांगितले आहे आणि किंमत 12,800 रुपये आहे. मी ज्या ‘मेहुण्याच्या’ खात्यात पैसे पाठवले, त्याच खात्यात ज्यांनी पैसे पाठवले असतील, त्यांनी आपापल्या ठाण्यात तक्रार द्यावी आणि त्यात ते खाते अन्य तक्रारींतही आले असल्याचा स्पष्ट उल्लेख करावा. माझ्या पोचपावतीची प्रत मी द्यायला तयार आहे.