पोटाला चिमटा किती काढायचा? वजन उतरवण्याचे चार रस्ते, शेजारी ठेवून

डाएटच्या अ‍ॅपमध्ये उंची-वजन भरलं आणि 'आठवड्याला एक किलो' असं उद्दिष्ट निवडलं, की अनेकींच्या पडद्यावर एकच आकडा येतो: 1200. हा आकडा खास तुमच्यासाठी मोजलेला नसतो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बाईने साधारण 1200 कॅलरींच्या आणि पुरुषाने 1500 च्या खाली जाऊ नये, असा एक ढोबळ संकेत आहे. अ‍ॅपचा हिशेब त्याच्याही खाली घसरलेला असतो, म्हणून ते तिथे थांबतं. आपण मात्र तेच लक्ष्य समजतो आणि वर आणखी शंभर-दोनशे 'वाचवायला' बघतो.

ठरवायला बसलं की समोर साधारण चार रस्ते असतात. स्वतःच्याच मनाने हजाराच्या आसपास किंवा त्याखाली खायचं. डॉक्टरांच्या नजरेखाली 800 च्या आसपासचा आहार घ्यायचा. रोजच्या खर्चापेक्षा 300 ते 500 कॅलरी कमी खायच्या. किंवा ताटाला हात न लावता नुसता व्यायाम करायचा. माझा कौल तिसऱ्याला आहे. पण त्याच्या बाजूने जे कारण सर्रास सांगितलं जातं ते मला पटत नाही, त्याबद्दल पुढे.

एकाच बाईचे दोन हिशेब

उदाहरण घेऊ. वय 38, उंची 160 सेंटिमीटर, वजन 74 किलो, बैठं काम. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला किती लागतं, हे काढायला 1990 सालापासून मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात: वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, आणि शेवटी बायकांसाठी वजा 161 (पुरुषांसाठी अधिक 5). उत्तर येतं 1389. बैठ्या दिवसासाठी त्याला 1.4 ने गुणलं की रोजचा खर्च 1950 च्या आसपास.

आता ती 1500 खाते असं धरा. प्रथिनं 90 ग्रॅम म्हणजे 360 कॅलरी, स्निग्ध पदार्थ 50 ग्रॅम म्हणजे 450. उरल्या 690. त्यांत धान्य, फळं, भाज्या, दूध सगळं बसतं आणि एखाद्या दिवशी कुणाच्या वाढदिवसाचा केकही. कागदावर आठवड्याला साधारण 400 ग्रॅम वजन उतरतं.

तीच बाई 900 वर आली तर? प्रथिनं तेवढीच ठेवली, कारण स्नायू राखायला ती लागतातच, तर उरतात 540. स्निग्ध पदार्थ 30 ग्रॅमवर आणले की 270 जातात. बाकी दिवसभराचं धान्य, फळ, दूध, भाजी मिळून 270 कॅलरी. यात लोह, कॅल्शियम, चोथा बसवून दाखवणं आहारतज्ज्ञालाही जड जाईल. प्रत्यक्षात होतं ते असं, की पहिली काट प्रथिनांवरच पडते. कागदावर आठवड्याला साडेनऊशे ग्रॅम उतरतात. म्हणजे उपास दुपटीहून जास्त आणि फायदाही दुपटीहून जास्त, मग हरकत काय?

उतरलेल्या किलोंत काय काय असतं

पहिल्या आठवड्यातले दोन-तीन किलो बव्हंशी पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम तोडलं की हा साठा रिकामा होतो, काटा झपाझप उतरतो आणि डाएट 'लागू पडल्याचं' समाधान मिळतं. पुन्हा नीट जेवलं की पाणी परत येतं, आणि लोक म्हणतात, एका जेवणाने दोन किलो वाढले.

पाणी बाजूला ठेवलं तरी स्नायूंचा प्रश्न उरतोच. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 57 जणांपैकी काहींना पाच आठवडे रोज 500 कॅलरी दिल्या, काहींना बारा आठवडे रोज 1250. दोन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच उतरलं. पण झटपट गटात उतरलेल्या वजनापैकी सुमारे 18 टक्के चरबी नव्हती, तर सावकाश गटात सुमारे 9 टक्के. वजनाचा आकडा तोच, पण शरीर वेगळं.

मग पित्ताशय. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं आणि फार कमी स्निग्ध खाल्ल्याने पित्ताशय नीट आकसून रिकामं होत नाही; साचलेल्या पित्तात खडे धरतात. केस गळणं तर दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं, त्यामुळे त्याचा संबंध डाएटशी आहे हे अनेकींच्या लक्षातच येत नाही. पाळी लांबणं किंवा थांबणं हा मात्र सरळ निरोप आहे: शरीराने खर्च तोडायला सुरुवात केली. तिथे 'जाऊ दे, वजन तर उतरतंय' म्हणून पुढे जाऊ नये.

मनाचं काय होतं, याचा सगळ्यात तपशीलवार दाखला 1944-45 चा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं, रोज सरासरी 1570 कॅलरी आणि आठवड्याला 35 किलोमीटर चालणं. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं. पण वाचणाऱ्याला हादरवतात त्या बाकीच्या नोंदी: सतत थंडी वाजणं, चिडचिड, खिन्नता, ताट चाटून पुसणं, पाककृतींची पुस्तकं चाळत बसणं. हे लोक मुळात लठ्ठ नव्हते, त्यामुळे त्यांचे हाल जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. तरीही ज्या आकड्यावर हे सगळं झालं, त्याहून बराच खालचा आकडा आज लोक फोनमध्ये हौसेने लावून ठेवतात.

'सावकाश उतरलेलं टिकतं' हे खरं आहे का?

तिसऱ्या रस्त्याची तारीफ नेहमी याच वाक्याने होते. 2014 साली ऑस्ट्रेलियात हे तपासून पाहिलं. सुमारे दोनशे लठ्ठ लोकांपैकी निम्म्यांना बारा आठवडे रोज 450 ते 800 कॅलरी दिल्या, निम्म्यांना छत्तीस आठवडे रोज 500 ची तूट. पुढे जवळपास तीन वर्षं पाठपुरावा केला. दोन्ही गटांनी उतरलेल्या वजनापैकी साधारण 70 टक्के परत कमावलं. सावकाश गटाला वेगळं बक्षीस मिळालं नाही. उलट ठरवलेलं वजन उतरवणारे झटपट गटातच जास्त निघाले.

त्यामुळे 500 ची तूट निवडायची तर या आशेवर निवडू नये. माझी कारणं दुसरी आहेत. त्या झटपट गटावर संशोधकांची नजर होती आणि खाणं मोजूनमापून हातात मिळत होतं. घरी मनाने 900 वर राहणाऱ्याला यातलं काहीच नसतं. खडे, चक्कर, क्षारांचा बिघाड यांच्याशी तो एकटाच झुंजतो. दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. 1500 खाताना जेवण कसं लावायचं हे जे शिकून होतं, ते नंतर 1700 वर राहतानाही उपयोगी पडतं. 900 वरून मात्र काहीच पुढे नेता येत नाही, कारण त्यावर कायम राहता येत नाही. डाएट सोडल्यावर माणूस आधी जसा जेवत होता तसाच जेवायला लागतो, फक्त आता भूक जास्त आणि खर्च कमी.

खर्च कमी होतो तो किती, याचं टोकाचं उदाहरण 2016 मध्ये पुढे आलं. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं. बहुतेकांचं बरंच वजन परत आलं होतं, तरी विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरींनी कमीच होता. घरच्या घरी वजन उतरवणाऱ्याचं इतकं होत नाही. थोडी घट मात्र सगळ्यांची होते, म्हणून वरच्या उदाहरणातले 400 ग्रॅमही काही महिन्यांनी घटत जातात. त्याला घाबरायचं कारण नाही. 74 किलोच्या बाईचे पाच टक्के म्हणजे पावणेचार किलो, आणि पाच ते दहा टक्क्यांतच रक्तदाब आणि साखरेत फरक दिसायला लागतो.

मग 800 कॅलरींचा आहार चुकीचाच का?

नाही. नुकताच टाइप 2 मधुमेह झाला असेल तर त्याच्याएवढं जोरकस हत्यार कमीच. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत लोकांना तीन ते पाच महिने रोज 825 ते 853 कॅलरींचा तयार द्रव आहार दिला. वर्षाअखेर त्यांच्यातल्या 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हेच प्रमाण 4 टक्के होतं. पण त्यातली व्यवस्था पाहा. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, आहारात जीवनसत्त्वं आणि क्षार मोजून घातलेले होते, तपासायला माणसं होती, आणि नेहमीचं अन्न टप्प्याटप्प्याने परत दिलं गेलं. ही व्यवस्था वजा केली तर काय होतं, हे 1970 च्या दशकात दिसलं. निकृष्ट प्रथिनांच्या द्रवावरच जगायचं फॅड अमेरिकेत आलं आणि पन्नासहून अधिक मृत्यू नोंदवले गेले, कित्येक हृदयाचा ठेका बिघडून. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना मनानेच खाणं तोडणं म्हणजे साखर धोक्याइतकी खाली नेणं. हा रस्ता घ्यायचा तर डॉक्टरांच्या दारातूनच.

नुसता व्यायाम, आणि घड्याळ लावून जेवण

व्यायामाबद्दल थोडक्यात: वजन उतरवायला एकटा अपुरा, उतरलेलं टिकवायला फार मोलाचा. अर्धा तास झपाझप चालून सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात. एक मोठा चमचा तेल 120 चा असतो. पण तूट असताना आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, उठाबशा-जोर काढले, तर शरीर स्नायूंना कमी हात लावतं. म्हणून त्याला वेगळा रस्ता न मानता तिसऱ्याचाच भाग धरावा.

आठ तासांतच जेवायचं, किंवा दिवसाआड जवळपास उपास, यांची चर्चा फार होते. एकूण कॅलरी सारख्याच ठेवल्या तर वर्षभरात वजनात ठळक फरक पडत नाही, असंच 2017 आणि 2022 च्या वर्षभराच्या चाचण्यांत दिसलं. सकाळी भूकच नसेल त्याला सोयीचं. दुपारी एकच्या पहिल्या घासापर्यंत ज्याचं डोकं उठतं आणि मग जो तुटून पडतो, त्याने या वाटेला जाऊ नये.

'मी तर बाराशेच खाते, तरी काटा हलत नाही'

हे म्हणणारी व्यक्ती बहुधा खोटं बोलत नसते. 1992 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात अशाच 'काही केल्या वजन न घटणाऱ्या' लोकांचं खाणं अचूक मोजलं. ते सांगत होते त्यापेक्षा बरंच जास्त निघालं. नोंदीतून सरासरी 47 टक्के निसटत होतं. कढईत बाटलीतून ओतलेली तेलाची धार, मुलांच्या ताटात उरलेलं, चवीपुरतं चाखलेलं. अशा वेळी 1200 चे 1000 करणं हा उपाय नव्हे. आठवडाभर तेल चमच्याने मोजा. मला वाटतं अर्ध्या लोकांचं कोडं तिथेच सुटेल.

काट्याचंही तसंच. मीठ, पाळी, आदल्या दिवशीचं जेवण यांनी वजन दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. रोज सकाळी बघायचं असेल तर सात दिवसांची सरासरी काढा आणि एका आठवड्याची पुढच्या आठवड्याशी तुलना करा.

गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई, अठरा वर्षांखालची मुलं, आणि ज्यांचा खाण्याशी पूर्वी आजार म्हणावा असा झगडा झाला आहे, त्यांनी यातला कुठलाच आकडा मनाने लावू नये. भूक मारणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांना उलट दिवसभरात किमान खाणं पोटात जातंय ना, हे बघावं लागतं.

बाकीच्यांनी खर्च काढावा, त्यातून 400 वजा करावेत, वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.2 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आधी बसवावीत आणि महिनाभर आकडा हलवू नये. चार आठवड्यांच्या सरासरीत काहीच उतार नसेल तर आधी मोजणी तपासायची, मग 100 ते 150 आणखी कमी करायच्या. तसं करताना 1200 किंवा 1500 ची रेघ आड आली तर ताट तिथेच सोडून चालणं वाढवायचं.