ठासणीच्या बंदुकीच्या गोळीसाठी गादीपाट: चांगला, पण धुऊनच

ठासणीच्या बंदुकीत गोळीभोवती गुंडाळायच्या कापडी चकतीसाठी घट्ट विणीचा, निव्वळ सुती गादीपाट (गादीच्या खोळीचं कापड) उत्तम. पॉलिएस्टरची भेसळ नको. ते वितळून नळीला चिकटतं. आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढा, मगच जाडी मापा. मायक्रोमीटरमध्ये दाबून ०.०१८ इंच भरलं, तर .५० इंची नळीत .४९० इंची गोळी घट्ट बसते. ठासायला फारच जड गेली तर ०.०१५ चं कापड घ्या.

तयार चकत्या सोयीच्या, पण गोळी मधोमध बसवावी लागते. वंगण लावलेली कापडाची पट्टी नळीच्या तोंडावर ठेवून, गोळी काठाबरोबर दाबून, वरचं कापड धारदार सुरीने छाटलं की चकती आपोआप मध्यावर. बोथट सुरी धागे ओढते. टोपी (दारू पेटवणारी छोटी स्फोटक कॅप) अर्थातच सगळ्यात शेवटी.

झाडलेल्या चकत्या उचलून बघा. मध्ये जळाली असेल तर कापड पातळ किंवा वंगण कमी. कापल्यासारख्या चिरा म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार आट्यांची धार.