आर. स्टीव्ही मूरचा ‘फोनोग्राफी’: एक माणूस, टेप मशीन आणि भरपूर सूंसूं

हा अल्बम रात्री हेडफोन लावून ऐकला, सकाळी परत ऐकला, म्हणून लिहितोय. हा मूर अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा, वडील बॉब मूर तिथले नावाजलेले सेशन बास वादक (दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला स्टुडिओत बास वाजवणारे), म्हणजे स्टुडिओ काय नवीन नाही, आणि पोरगा करतो काय तर घरी बसून स्पूलच्या टेप मशीनवर सगळं एकट्यानेच वाजवून एकावर एक चढवतो. १९७६ साली या अल्बमच्या फक्त १०० कॉपी निघाल्या होत्या! दर थराला टेपची सूंसूं वाढते, ड्रम तर डब्यावर काठी मारल्यासारखे, पण ‘गुडबाय पियानो’ची चाल एकदा डोक्यात बसली की भाजी चिरताना पण तीच, आणि मागे कोरस म्हणून परत हाच बाबा. मध्येच स्वतःबद्दल बडबड, मग गोड प्रेमगीत, मग काहीतरी वेडपट. सलग मूड हवा असेल तर चिडचिड होईल, बोलायचे तुकडे मी पण दुसऱ्या वेळी सरळ पुढे ढकलले. याचे घरून काढलेले अल्बम ४०० च्या वर आहेत, एकेकाळी कॅसेटी पोस्टाने पाठवायचा, त्यामुळे सुरुवात कुठून करू असं विचाराल तर इथूनच करा.