एमसीआर चप्पल: टाचदुखीला आराम, पण पट्टा बघून घ्या

म्हापशाच्या बाजारात ‘डॉक्टर चप्पल’ म्हणून मिळणारी प्रत्येक चप्पल एमसीआरची (मायक्रो सेल्युलर रबर, म्हणजे बारीक हवेच्या पोकळ्या असलेलं मऊ रबर) नसते. तळ अंगठ्याने दाबा. दबून लगेच वर आला तर ठीक. खळगा तसाच राहिला तर साधा फोम, लवकरच चपटा होणार.

सकाळी पहिलं पाऊल टेकताच कळ येते, त्या टाचदुखीत एमसीआर चप्पल घरातल्या फरशीवर खरोखर आराम देते. सोबत गुडघा ताठ ठेवून पोटरीला 30 सेकंद ताण, तीनदा, हवाच. नुसत्या चपलेने भागत नाही.

मधुमेहाने पाय बधिर असतील तर अंगठ्याची चप्पल अजिबात नको. बेचक्यात घासून जखम होते आणि कळतही नाही. मागे पट्टा असलेलीच घ्या. गोव्याच्या पावसात पट्ट्याचं अस्तर ओलं राहून चिखल्या होतात, म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरा.