अंबडचं रेसिंगची कामं करणारं गॅरेज, आमच्या चौघांच्या टीमचा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या या गॅरेजला साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय.

आम्ही चौघं मित्र, एक जण चालवणार आणि आम्ही तिघं सर्विसला (मधल्या थांब्यावर गाडी दुरुस्त करायला), यंदा पहिल्यांदाच एका छोट्या रॅलीत उतरलो, गाडी म्हणजे जुनी सेकंडहॅण्ड १५० सीसीची बाइक. नऊ दिवस राहिलेले आणि आधीच्या मेकॅनिकने इंजिन खोलून ठेवलं नि फोन उचलणंच बंद केलं, शेवटी आम्ही पार्ट अक्षरशः पोत्यात भरून इथे आणले. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी पोतं रिकामं केलं, एकेक पार्ट रॉकेलमध्ये धुवून ट्रेमध्ये लावला, अर्धा तास कोणाशी बोललेच नाहीत, आणि मग विचारलं, "पोरांनो, गाडी कशासाठी पळवायची?" आमचा रायडर म्हणाला जिंकायला. अण्णा म्हणाले, "मग इंजिनची पॉवर वाढवत नाही मी. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, वाढवला तर पिकअप दिसेल पण दुसऱ्या स्टेजला, म्हणजे रॅलीच्या दुसऱ्या टप्प्यालाच, गाडी बंद पडून टेम्पोत असेल."

तेव्हा आम्हाला राग आला होता, खरं सांगतो. पण काम बघा काय केलं, व्हॉल्व्ह लॅप केले (घासून नीट बसवले), रिंगा आणि क्लच प्लेटा नव्या, फोर्कमध्ये (पुढच्या शॉकअपमध्ये) जरा जाड ऑइल, पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी. स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं) बुश मिळत नव्हतं तर बाजूच्या गाळ्यातल्या लेथवाल्याकडून तासाभरात टर्न करून आणलं, हा अंबड-सातपूरचा फायदा आहे, मोठ्या कंपन्यांमुळे असले कारागीर गल्लोगल्ली आहेत. ब्रेक-क्लचच्या लिव्हरचे क्लॅम्प मुद्दाम पूर्ण आवळले नाहीत, गाडी पडली तर लिव्हर फिरतं, तुटत नाही. हे मला माहीतच नव्हतं. लेबर साडेसहा हजार, पार्टचं वेगळं, आणि जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले.

रॅलीच्या दिवशी अण्णांनी त्यांचा एक मुलगा सोबत पाठवला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या स्टेजला गाडी पडली, गिअर लिव्हर आत वाकला, आणि सर्विसला मोजकी मिनिटं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रॅलीत टाइम कंट्रोलला, म्हणजे वेळ नोंदवतात त्या जागी, उशिरा पोचलं तरी पेनल्टी आणि आधी पोचलं तरी पेनल्टी, म्हणजे घड्याळ डोक्यावर बसलेलं असतं. माझे हात थरथरत होते, नट मातीत पडला, तो मुलगा मात्र शांतपणे पाइप घालून लिव्हर सरळ करत होता. २०२३ ला कतारमध्ये फॉर्म्युला वनच्या मॅकलरेन टीमने गाडीचे चारही टायर १.८० सेकंदात बदलले होते, मी तो व्हिडिओ शंभर वेळा बघितला असेल पण त्या माणसांवर काय ताण असतो ते मला त्या दिवशी कळलं. एक नट बसला नाही तर सगळ्यांचा आठवडा मातीत.

आणि त्यानंतर आम्हाला सगळे विचारत होते की पहिले येणार नव्हतात तर एवढा खर्च कशाला. हा प्रश्न फॉर्म्युला वनमधल्या मागच्या टीमबद्दल पण लोक विचारतात. अहो तिथे वर्षाच्या शेवटी टीम कितव्या नंबरवर आहे त्यावर बक्षिसाची रक्कम ठरते, सातवा आणि आठवा यात कोट्यवधींचा फरक पडतो, म्हणून दहाव्या नंबरच्या एका पॉइंटसाठी पण जीव काढतात. फोर्स इंडियाचंच घ्या, आपल्या मल्ल्यांची टीम. २०१८ च्या जुलैमध्ये पैसे संपले, टीम प्रशासकाच्या ताब्यात गेली, ४०० हून जास्त लोकांच्या नोकऱ्या टांगणीला. नवीन मालक आले पण आधीचे ५९ पॉइंट गेले, शून्यापासून सुरुवात. आणि लगेच बेल्जियमला याच लोकांनी क्वालिफायिंगमध्ये (रेसआधी कोण कुठून सुटणार ते ठरवतात त्यात) तिसरा आणि चौथा नंबर काढला, रेसमध्ये पाचवा-सहावा, आणि तिथपासून वर्षअखेरपर्यंत ५२ पॉइंट करून वर्ष सातव्या नंबरवर संपवलं! मला कुठल्याही चॅम्पियनशिपपेक्षा हे मोठं वाटतं.

मोठ्यांचं पण सोपं नाही. टोयोटा आणि बीएमडब्ल्यू २००९ च्या शेवटी मंदीत निघून गेल्या, ट्रॅकवर कोणी कितीही घाम गाळो, बोर्डाच्या मीटिंगमध्ये ठरलं की संपलं. आता तर खर्चाला पण मर्यादा आहे, रेड बुलने २०२१ ला ती ओलांडली तर ७० लाख डॉलर दंड आणि वर विंड टनेलमधल्या, म्हणजे हवेच्या झोतात गाडी तपासायच्या, टेस्टिंगमध्ये १० टक्के कपात.

आमचा स्पॉन्सर म्हणजे रायडरच्या मामांचं सिन्नरचं हार्डवेअरचं दुकान, पाच हजार आणि टाकीवर स्टिकर. मामा स्वतः बघायला आले होते आणि त्यामुळे रायडर रात्रभर झोपला नव्हता, पाच हजार असोत का पाच कोटी, ज्याने भरवसा ठेवला त्याच्यासमोर गाडी बंद पडू नये एवढंच डोक्यात असतं. फिनिशला स्टिकर चिखलाने झाकलेलं, अण्णांच्या पोराने आधी ते ओल्या फडक्याने पुसलं आणि मगच फोटो काढू दिला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

क्लासमध्ये आम्ही नववे आलो. इंजिन खोलून पॉवर वाढवलेल्या दोन गाड्या आमच्या डोळ्यांदेखत टेम्पोत चढल्या.

आता अर्धा स्टार. अण्णा पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, वहीच्या पानावर लिहून देतात, आणि आम्हाला मामांना हिशोब दाखवायचा होता म्हणून दोन चकरा झाल्या. गाळ्यासमोर पावसात पाणी साचतं, गाडी ढकलत न्यायची असेल तर मागच्या बाजूने या. दुपारी दोन ते चार फोन करू नका, उचलत नाहीत. आणि रॅलीचं काम असेल तर किमान महिनाभर आधी जा, आमच्यासाठी ते तीन रात्री जागले, प्रत्येकासाठी जागतील असं नाही.

पुढच्या वर्षाची गाडी लावून आलोय, ॲडव्हान्स दोन हजार दिला.