नेट झकास पण मेल रामभरोसे: कनेक्शनसोबत मिळालेल्या ईमेलचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू नेटच्या स्पीडचा नाहीये. स्पीड मस्त आहे, लाईन क्वचितच जाते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. हा रिव्ह्यू आहे त्याच प्रोव्हायडरने कनेक्शनसोबत दिलेल्या ईमेलचा आणि त्यांच्या हेल्पडेस्कचा. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मेलबॉक्स कुठल्याही प्रोव्हायडरचा असो, तपासायच्या गोष्टी त्याच असतात.

झालं असं की जुन्या कॉम्प्युटरवरचं थंडरबर्ड (मेल वाचायचा प्रोग्रॅम) अपडेट केलं आणि इनबॉक्स एकदम गप्प. एरर धड काही नाही, नुसतं खाली गोल फिरतंय. वेबमेल उघडलं तर तिथे सगळ्या मेल दिसतायत, फोनवरच्या जुन्या ॲपमध्येही येतायत. म्हणजे पासवर्ड बरोबर, अकाउंट चालू, गडबड फक्त या प्रोग्रॅमच्या आणि सर्व्हरच्या बोलण्यात. हे सगळं हेल्पडेस्कच्या पोराला नीट सांगितलं तरी त्याचं पहिलं वाक्य काय, तर "मॅडम, पासवर्ड रीसेट करून बघा ना". बरं तो केला, काही फरक नाही. मग दुसरा उपाय आला, "कनेक्शन सिक्युरिटी नन करा आणि पोर्ट ११० टाका". (पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर.)

आणि खरी गंमत म्हणजे याने मेल येतात! इथेच लोक फसतात, कारण मेल आली की सगळे खूश, तक्रार बंद. पण नन म्हणजे तुमचा पासवर्ड आणि अख्खी मेल उघड्यावर, काहीही कुलूप न लावता नेटवरून जाते, बाहेरच्या फुकट वायफायवर बसला असाल तर मधला कोणीही वाचू शकतो. ग्राहकाला हा सल्ला देणं म्हणजे कमाल आहे, आणि तोही घाईत बोलून गेलेला नाही, त्यांच्या हेल्प पेजवर अजून तेच छापलेलं आहे.

कारण शेवटी थंडरबर्डनेच सांगितलं. कंट्रोल शिफ्ट जे दाबलं की एरर कन्सोल उघडतो, तिथे स्वच्छ लिहिलं होतं 'अनसपोर्टेड व्हर्जन'. म्हणजे काय तर यांचा सर्व्हर टीएलएसच्या (मेल कुलूपबंद करून नेटवरून पाठवायच्या पद्धतीच्या) १.० या आवृत्तीवरच अडकून बसलाय. ते १९९९ चं आहे हो! १.२ आलं २००८ ला, १.३ आलं २०१८ ला, आणि मार्च २०२१ मध्ये इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ संस्थेने १.० आणि १.१ दोन्ही वापरू नका असं अधिकृतपणे सांगून टाकलं. थंडरबर्डने तर त्याच्याही आधी, २०२० च्या ७८ आवृत्तीपासून, ही दोन्ही मुळातच बंद ठेवलीयत. तेव्हा अपडेटला शिव्या घालण्यात अर्थ नाही, अपडेटने बरोबरच केलं, झोपलेत ते सर्व्हरवाले. अगदीच अडलं असेल तर थंडरबर्डच्या कॉन्फिग एडिटरमध्ये सिक्युरिटी डॉट टीएलएस डॉट व्हर्जन डॉट मिन ही सेटिंग ३ ची १ करून (३ म्हणजे टीएलएस १.२, १ म्हणजे १.०) जुन्या मेल उतरवून घेता येतात, पण काम झालं की परत ३ करा, तशीच सोडू नका.

बरंच डोकं खाल्ल्यावर कॉल वरच्या टीमकडे गेला आणि तिथला माणूस मात्र हुशार निघाला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मेल येत नाहीये की जात नाहीये?" बस, एवढंच विचारायचं असतं! येण्याचा सर्व्हर वेगळा, जाण्याचा वेगळा, सेटिंगही वेगळी, हे पहिल्या फोनवर कोणाला सुचतच नाही. त्याने नवीन सर्व्हरचं नाव दिलं, आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत), पोर्ट ९९३, एसएसएल/टीएलएस, आणि मेल धडाधड आल्या. नवा सर्व्हर त्यांच्याकडे होताच म्हणे, फक्त ग्राहकांना सांगायचं राहिलं!

हो, आणि सर्टिफिकेटचं, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राचं. जुनंच नाव ठेवून नव्या सर्व्हरला जोडलं की सर्टिफिकेट दुसऱ्याच नावाचं आहे अशी वॉर्निंग येते. पहिल्या फोनवाल्याचं यावर उत्तर, "एक्सेप्शन कन्फर्म करून टाका मॅडम". असं डोळे झाकून कन्फर्म करायचं नसतं. आधी सर्टिफिकेट उघडून नाव बघा, कॉम्प्युटरची तारीख बघा (तारीख चुकली की चांगलं सर्टिफिकेटसुद्धा बाद दिसतं), आणि अँटीव्हायरस मध्ये बसून मेल तपासतोय का ते बघा, कारण तो मध्येच स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतो.

आता मेल जाण्याची कथा. मेल पाठवायचं जुनं पोर्ट २५ यांनी बंद ठेवलंय, ते योग्यच आहे, नाहीतर व्हायरस लागलेले कॉम्प्युटर दिवसभर स्पॅम ओकत बसले असते. पण हेल्प पेजवर लिहिलंय पोर्ट ४६५ आणि सोबत स्टार्टटीएलएस (आधी साधं बोलणं सुरू करून मग कुलूप लावायची पद्धत). ही जोडीच चुकीची आहे. ४६५ वर पहिल्या क्षणापासून सगळं एन्क्रिप्टेड असतं, सर्व्हर थांबतो की प्रोग्रॅमने हात पुढे करावा, आणि स्टार्टटीएलएस निवडलेला प्रोग्रॅम थांबतो की आधी सर्व्हरने साधा नमस्कार करावा, मग लग्नातल्या दोन रुसलेल्या व्याह्यांसारखे दोघेही ताटकळत, आणि आपल्याला शेवटी दिसतं टाइमआउट. ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस, एवढं लिहून ठेवा. घोळ व्हायला कारणही आहे म्हणा, ४६५ नंबर आधी याच कामाला दिला, मग काढून घेतला, आणि २०१८ ला परत अधिकृत केला, त्यामुळे जुनी माहितीपत्रकं वाटेल ते सांगतात.

ऑथेंटिकेशनमध्ये पण तसंच. पेजवर 'नो ऑथेंटिकेशन' दिलंय, ते घरी चालतं कारण तुम्ही त्यांच्याच नेटवर्कवर असता. बाहेर मोबाईल डेटावर गेलात की 'रिले डिनाइड', म्हणजे तुमची मेल पुढे पाठवायला नकार. तिथे 'नॉर्मल पासवर्ड' ठेवा, नाव ऐकून घाबरू नका, टीएलएस चालू असेल तर तो पासवर्ड आतून सुरक्षितच जातो.

तर मेलला माझे ५ पैकी २ स्टार, आणि त्यातला एक पूर्णपणे त्या वरच्या टीममधल्या माणसाचा. वेबमेल ठीकठाक, स्पॅम फिल्टर बऱ्यापैकी. पण बँक, विमा वगैरेला हा पत्ता मी देणार नाही, कारण कनेक्शन बदललं की मेलबॉक्स गेला, मग सगळीकडे पत्ता बदलत फिरा. ज्यांना नाइलाजाने वापरायचाच आहे त्यांनी फोनवर पासवर्ड रीसेटच्या भानगडीत न पडता सरळ विचारा, टीएलएस १.२ वाल्या सर्व्हरचं नाव काय, येण्याचं आणि जाण्याचं दोन्ही, आणि ते लेखी ईमेलवर मागवून घ्या, वेबमेलमध्ये दिसेलच.